स्प्रिंगबॉक धावत्या गाडीतून मारायचा? आधी त्याला उभं राहू द्या

कारूकर

गेल्या आठवड्यात 'जोबर्गचा_पाहुणा' यांनी त्यांच्या पहिल्या स्प्रिंगबॉक (दक्षिण आफ्रिकेतल्या माळावरचं हरीण) शिकारीचा लेख टाकला. दोन दिवसांत तीन नर. लेखाचा सारांश असा: हा प्राणी ताशी ८०-९० किलोमीटरनं पळतो, म्हणून पळतानाच त्याला टिपण्यात खरी कसोटी, बक्कीच्या (मागून उघड्या पिकअप गाडीच्या) हौद्यात उभं राहायचं, शेतकरी गाडी कळपाच्या बाजूनं हाकतो, आपण बार टाकत राहायचं, आणि लागलं की तो 'फार लांब जात नाही'. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोघांनी तर पुढच्या वर्षी जायचं म्हणून पत्ता मागितलाय. त्या दोघांसाठी हे लिहितोय.

मी दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला १४ वर्षं आहे. कोल्सबर्गच्या पलीकडे एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या रानात दर हिवाळ्यात जातो. वर्षाला एक, फार तर दोन. तीन हिवाळे रिकाम्या हातानं परत आलोय.

आधी वेगाबद्दल. पॉइंट टू फोर थ्रीची (माझ्या हलक्या रायफलची) गोळी नळीतून सेकंदाला साधारण ९०० मीटरनं सुटते. २०० मीटरवर पोचायला तिला पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात भरधाव स्प्रिंगबॉक पाच-सहा मीटर पुढे गेलेला असतो. तो स्वतः जेमतेम सव्वा मीटर लांब. म्हणजे त्याच्यापुढे चार-पाच हरणांइतकी मोकळी जागा सोडून, हलत्या गाडीतून, वाटेत दिशा बदलणाऱ्या जनावरावर बार टाकायचा. काळीज-फुप्फुसाची जागा १५ सेंटिमीटरच्या ताटलीएवढी. ती सापडली तर तो योगायोग. सापडली नाही तर पोट फुटतं, जबडा तुटतो, मागचा पाय लोंबतो.

स्प्रिंगबॉक उभा असताना मारतात. वेग ही त्याची पळून जायची सोय आहे, तुमची परीक्षा नाही.

मग तिथे काय वाट्याला येतं? जुलैत पहाटे शून्याखाली थंडी, बंदुकीच्या लोखंडाला बोट चिकटतं. झाड नाही, आडोसा नाही, घोट्याएवढी झुडपं आणि सपाट माळ. कळप ८०० मीटरवरून तुम्हाला पाहतो. शेवटचे ३०० मीटर कोपरांवर सरपटायचं. काटे हातमोज्यातून आत येतात. दीड तास सरपटून गेल्यावर एखादी मादी फुरफुरते, मान खाली घालून पाठ कमानीसारखी करते, पाठीवरचा पांढरा पंखा उघडते आणि जागच्या जागी दोन मीटर उंच उडते. एक उडाली की दुसरी, मग सगळा कळप, आणि तो बघून पलीकडचा. तुम्ही उठता, कपडे झटकता आणि पुन्हा पहिल्यापासून.

दहाच्या पुढे वारा सुटतो. ताशी २० किलोमीटरचा आडवा वारा २०० मीटरवर गोळीला दहा-अकरा सेंटिमीटर सरकवतो. ताटली १५ ची आहे, हे लक्षात घ्या. मी दहानंतर २०० च्या पुढे बार टाकत नाही.

ज्यांना खरंच जायचंय त्यांना एक सांगतो. हद्द राखणारा नर ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. माळावर तसा ताजा ढीग दिसला तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला १५० मीटरवर तिकाटणं (बंदूक टेकवायची तीन काठ्यांची घोडी) लावून पडून राहा. तो परत येतो. कधी तासानं, कधी संध्याकाळी. आला की आडवा होईपर्यंत थांबायचं, पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर यायचं, अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांबायचं.

आणि पाहुणेसाहेब, तुमच्या लेखात एक आकडा नाही. तीन मिळाले. बार किती टाकले? लागलेले पण न सापडलेले किती?

जोबर्गचा_पाहुणा

लेख आवडला नाही तर तिथेच सांगायचं होतं, वेगळा धागा काढून माझी अब्रू काढायची गरज नव्हती.

मी परदेशी पाहुणा म्हणून गेलो. कायद्याप्रमाणे परवानाधारक शिकारी सोबत होता. गाडीतून मारायचं त्यानं सुचवलं, रान शेतकऱ्याचं, गाडी शेतकऱ्याची. तिथे हे पिढ्यान्पिढ्या चालतं. तुम्ही १४ वर्षं राहिलात म्हणून त्यांना शिकवणार का? मांस निर्यात करणाऱ्यांच्या टोळ्या रात्री झोत मारून गाडीतूनच शेकडो जनावरं पाडतात. त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीत तुम्ही. मी चार दिवसांची रजा काढून गेलो होतो. दीड तास सरपटून कपडे झटकायला गेलो नव्हतो.

कारूकर

रात्रीच्या टोळ्यांचं बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. पण ते कसं करतात ते पूर्ण सांगा. गाडी थांबवतात, इंजिन बंद करतात, झोतानं जनावर जागीच थबकतं, आणि शंभरेक मीटरवरून डोक्यात गोळी. ते धंदेवाईक नेमबाज. वर्षाला हजारो बार टाकतात. ते उभ्या जनावरावर मारतात, तुम्ही पळत्यावर. गाडी दोन्हीकडे आहे एवढंच साम्य.

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

विंडहुकची_वैदेही

कारूकर, तुमचं बरंचसं पटलं, पण सगळं नाही. पॉइंट टू फोर थ्री स्प्रिंगबॉकला चालते, ती सगळ्या माळावरच्या हरणांना चालेल असं वाचणाऱ्याला वाटू नये.

इकडे नामिबियात माझे यजमान आणि मी तांबड्या हार्टबीस्टला, म्हणजे मोठ्या जातीच्या हरणाला, जातो. सव्वाशे-दीडशे किलोचं धूड. खांदा उंच, मागचा भाग उतरता, त्यामुळे डोळ्याला फसायला होतं. नवखा माणूस उंच खांद्याच्या मध्यावर नेम धरतो आणि गोळी फुप्फुसाच्या वर कण्याखालच्या मांसात जाते. काळीज खूप खाली असतं. गेल्या वर्षी यजमानांनी एक नर मारला, पॉइंट थ्री झीरो एटनं, म्हणजे जास्त जड गोळीच्या रायफलनं. दोन्ही फुप्फुसांतून आरपार. तो तसाच ३०० मीटर पळाला, कळपात मिसळला, आणि आम्हाला वाटलं बार हुकला. सोबतच्या मागकाढ्यानं वाळूत बसून एका पानावरचा लालसर फेस दाखवला, नखाएवढा. फेस म्हणजे फुप्फुस. तो नसता तर आम्ही घरी गेलो असतो.

हार्टबीस्टची एक सवय सांगते, नव्या लोकांना उपयोगी पडेल. शंका आली की कळप वेडावाकडा पळतो, पण दोन-तीनशे मीटरवर हमखास वळून बघायला थांबतो. पहिल्या धावेला बंदूक उचलायचीच नाही. तिकाटण्यावर टेकून वाट बघायची.

तीनशेआठ

शेवटी कोणीतरी बोललं. पॉइंट टू फोर थ्री ही लहान पोरांना शिकवायची बंदूक आहे. वाऱ्यात जड गोळीच टिकते. कारूकरांनी थ्री झीरो एट घेतली असती तर दहाच्या पुढे घरी बसायची वेळ आली नसती.

कारूकर

४० किलोच्या स्प्रिंगबॉकला जड, मऊ टोकाची गोळी खांद्यात मारून बघा. पुढची दोन्ही फऱ्यांची मांसं काळीनिळी रक्ताळून फेकून द्यावी लागतात. सोलल्यावर हाती वीसेक किलो लागतं, त्यातलं पाच तुमच्या हट्टापायी कुत्र्याला. हार्टबीस्टला मोठी बंदूक हवी हे वैदेहीताईंचं मान्य. स्प्रिंगबॉकला नाही.

अस्मिता_सिंहगडरोड

गोळी कुठे लागावी यावर तुम्ही सगळे एवढे तावातावानं बोलताय, मुळात ती मारायचीच का, हे एकानंही विचारलेलं नाही. स्वतःच्या पायानं उडणारं, पळणारं जनावर. तुम्हाला कोणाला उपाशी राहायची वेळ आलेली नाही. 'नीट मारतो' म्हणणारा आणि 'कसंही मारतो' म्हणणारा यांत मला फरक दिसतो, पण तो फार मोठा दिसत नाही. आणि सगळं कुंपणाच्या आत. कुंपणातल्या जनावराला मारण्याला शिकार म्हणायचं?

कारूकर

ताई, कुंपणाबद्दल आधी. ज्या रानात मी जातो ते ६,००० हेक्टरचं आहे. कुंपण मेंढ्यांचं, छातीएवढं. कुडू (मोठं हरीण) ते सहज ओलांडतो. स्प्रिंगबॉक दोन मीटर उडतो पण कुंपणावरून उडी सहसा मारत नाही, खालून सरकतो किंवा कडेनं पळत राहतो. त्याच कुंपणांनी त्यांची जुनी स्थलांतरं संपवली हेही खरं. एकोणिसाव्या शतकात इथे लाखोंच्या संख्येनं कळप सरकायचे. गावातून जायला दिवसच्या दिवस लागायचे असं लिहिलेलं आहे. शेवटचं मोठं १८९६ च्या सुमारास. त्याचं मलाही वाईट वाटतं.

पण पुढचं ऐका. १९९१ च्या कायद्यानं दक्षिण आफ्रिकेत पुरेसं कुंपण घातलेल्या रानातली जनावरं जमीनमालकाची मालमत्ता ठरली. मेंढ्या काढून लोकांनी हरणं वाढवली, कारण ती आता विकता येऊ लागली. आज माझ्या त्या शेतकऱ्याच्या रानात स्प्रिंगबॉक आहेत ते कोणीतरी दरवर्षी काही मारायचे पैसे देतं म्हणून. पैसे थांबले की परत मेंढ्या येतील. बोंटेबॉकचं, केपकडच्या दुसऱ्या एका हरणाचं, उदाहरण घ्या. १९३१ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान काढलं तेव्हा आत १७ जनावरं होती. ती तरी का उरली? तर शंभर वर्षं आधी केपच्या दक्षिण टोकाकडच्या काही शेतकऱ्यांनी आपापल्या रानात कुंपण घालून राखली म्हणून. केपमधलं निळं हरीण १८०० च्या सुमारास संपलं, क्वागा (झेब्र्याचा एक प्रकार) १८८३ ला. त्यांना मालक नव्हता.

अस्मिता_सिंहगडरोड

तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. त्या शेतकऱ्यांनी बोंटेबॉक वाचवला तो मारू न देता. कुंपण मारणाऱ्यांना बाहेर ठेवायला होतं. निळं हरीण बंदुकीनंच संपवलं.

कारूकर

हो. बोंटेबॉकपुरतं तुमचं बरोबर आहे. उदाहरण घाईनं दिलं. स्प्रिंगबॉकबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही.

मु_पो_कुरुंदवाड

केनियानं १९७७ मध्येच शिकार बंद केली, तिथे जंगलं आहेतच की.

विंडहुकची_वैदेही

केनियात त्यानंतर चरणारी वन्य जनावरं निम्म्याहून कमी झाली. शिकार बंद केल्यानं झाली असं मी म्हणणार नाही. गुरं, शेती, वस्ती, कुंपणं सगळं आहे त्यात. पण नुसती बंदी पुरत नाही एवढं दिसतं. नामिबियात १९९६ ची कायद्यातली दुरुस्ती आली. सामुदायिक जमिनीवरच्या गावांनी आपलं संवर्धनक्षेत्र नोंदवलं की तिथल्या वन्यप्राण्यांच्या वापराचे हक्क त्यांना मिळतात. शिकारीचे पैसे गावाच्या खात्यात, मांस गावात वाटलं जातं. ज्याच्या शेळीचा चित्त्यानं फडशा पाडलाय त्याला त्यातून काही मिळतं. जनावराचा जाच ज्याला, लाभही त्याला.

नान्नजकर

'जनावराचा जाच ज्याला, लाभही त्याला.' ताई, हे वाक्य मी मोबाईलवर माझ्या वडलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले परत वाच.

उत्तर सोलापुरात आमचं साडेचार एकर रान आहे. कोरडवाहू. शाळू आणि हरभरा. काळवीट म्हणजे तुमच्या स्प्रिंगबॉकचा चुलतभाऊच की. नोव्हेंबरात हरभरा वीतभर आला की कळप येतो, तीस-चाळीस. शेंडे खुडत जातात, ओळीनं. सकाळी रान बघितलं तर कात्रीनं कापल्यासारखं. त्यातनं फुटवे येतात म्हणून एकदा खुडलं तर चालतं असं म्हणणारे शहाणे येऊन जातात. कळप एकदा येत नाही, रोज येतो. शिवाय खाल्ल्यापेक्षा तुडवलेलं जास्त.

माझ्या वडलांचं वय ६८. डिसेंबरच्या थंडीत माचणावर राखण करतात. एका कोपऱ्यात शेकोटी, दुसऱ्या कोपऱ्यात जुन्या साडीचं बुजगावणं, हातात पत्र्याचा डबा. डबा वाजवला की कळप शेजाऱ्याच्या रानात. शेजाऱ्यानं वाजवला की परत आमच्यात. आमच्यात नि शेजाऱ्यात दोन वर्षं बोलणं नाही ते ह्यापायी.

नुकसानभरपाईचा अर्ज केला. अर्ज करायला तालुक्याला तीन हेलपाटे. पंचनामा करायला माणूस आला तो सतरा दिवसांनी. तोवर हरभऱ्याला दुसरी पालवी फुटलेली. म्हणाला, नुकसान दिसत नाही. जे पैसे आले त्यात बियाणं सुटलं नाही.

तिकडं कुंपण घातलं की हरीण त्याचं. इकडं हरीण सरकारचं, खातं मात्र माझं पीक.

माळराखी

दादा, त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण कळप तुमच्या रानात का येतो ते पण लिहा. सोलापूर-नगरचं माळरान नांगरून टाकलं. सरकारी दप्तरात माळाला 'पडीक' म्हणतात, म्हणून कधी कारखाना, कधी सौर पॅनेल, कधी झाडं लावायची मोहीम. गवताळ माळावर खड्डे खणून झाडं लावतात आणि फोटो काढतात. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य, खास काळविटासाठी १९८० मध्ये केलेलं, दोन चौरस किलोमीटरच्या जरा वर आहे. कळपानं तेवढ्यात राहायचं? नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं गवत होतं, त्या माळढोकाचं काय झालं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. काळवीट पहिल्यापासून तिथेच आहे. हरभरा नंतर आला.

नान्नजकर

हरभरा नंतर आला? आमची पाचवी पिढी आहे त्या रानात. माळ आम्ही नांगरला नाही, आमचं रान आधीपासून काळं आहे. तुम्ही पुण्यातनं रविवारी दुर्बीण घेऊन येता, बांधावर गाडी लावता, काळविटाचा फोटो काढता, आणि त्या फोटोत मागं जे हिरवं दिसतं ना, तो माझा हरभरा असतो.

माळराखी

मी पुण्याची नाही. बार्शीची आहे. माझ्या मामांचं रान वैरागला आहे आणि त्यांच्याकडेही काळवीट येतं. फरक एवढाच की त्यांनी बांधावर दोन काकऱ्या करडई लावली. काटेरी करडईतून कळप सहसा घुसत नाही. सगळ्याच दुखण्याला बंदूक हे औषध नसतं.

नान्नजकर

मी बंदूक मागितली का? कुठं लिहिलंय दाखवा. रानडुकराला आणि रोह्याला (नीलगाईला) मारायची परवानगी मिळायची तरतूद आहे, काळविटाला नाही, ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. मला ते मारायचं पण नाही. बाळंतीण काळवीट बांधाला पिल्लू लपवून जाते, माझी आई त्या कोपऱ्यात कुणाला खुरपायला जाऊ देत नाही. मला फक्त पंचनाम्याचा माणूस तीन दिवसांत पाहिजे आणि पैसे सुगीच्या आत पाहिजेत.

करडई आमच्याकडं पण आहे. चार वर्षं चालली. मग त्यांना वाट सापडली.

माळराखी

बंदुकीचं तुम्ही म्हणाला नव्हता. ते मी वरच्या चर्चेच्या भरात तुमच्या माथी मारलं. चूक.

पंचनाम्याचं मात्र तुम्ही एकट्यानं करू नका. नुकसान झाल्याच्या दिवशीच फोटो काढून ठेवा, त्यावर तारीख आणि ठिकाण दिसेल असे, खुरांच्या ठशांसकट आणि लेंड्यांसकट. दुसरी पालवी फुटली तरी पहिल्या दिवसाचा पुरावा हातात राहतो. मामांनी तसंच केलं आणि त्यांचा दावा उभा राहिला.

शब्दार्थी

एक दुरुस्ती. काळवीट, चिंकारा, स्प्रिंगबॉक यांची शिंगं आयुष्यभर एकच असतात, वरून पोकळ खोळ आणि आत हाड. सांबर-चितळाची दरवर्षी गळतात. दोन्हींना आपण हरीण म्हणतो, त्यामुळे घोटाळा होतो. कृपया 'कुरंग' वापरा.

नान्नजकर

माझ्या रानात येऊन त्याला कुरंग म्हणा, बगा थांबतंय का.

चित्तेवानाचा_नातू

धागा वेगावरून सुरू झाला म्हणून लिहितोय. माझे आजोबा कोल्हापूर संस्थानात चित्तेवानांच्या (शिकारीचे चित्ते सांभाळणाऱ्यांच्या) हाताखाली होते. आपल्याकडचा चित्ता दुर्मिळ झाल्यावर दरबारानं आफ्रिकेतून चित्ते आणवले होते, काळविटाच्या शिकारीसाठी. आजोबा सांगायचे की चित्ता सगळ्यात वेगवान, हे ऐकून पाहुण्यांना वाटायचं की कळप दिसला की चित्ता सोडायचा. तसं केलं तर चित्ता काहीच मारत नाही.

चित्त्याला छकड्यावर बसवायचं, डोळ्यांवर कातडी टोपडं. बैलगाडी काळविटांना ओळखीची असते, रोजची. गाडी सरळ कळपाकडे न्यायची नाही, लांबून वळसा घेत घेत, जणू वैरण आणायला चाललीय. गाडीवानानं बैलांना शीळसुद्धा घालायची नाही. पाऊणशे-शंभर पावलांवर आलं की टोपडं काढायचं. चित्ता तेव्हाही झेपावत नाही, गाडीआडून खाली उतरतो, पोट जमिनीला लावून आणखी जवळ सरकतो. मग जी धाव, ती तीन-चारशे पावलांची. तेवढ्यात सापडलं तर सापडलं, नाही तर तो खाली बसतो, आणि त्या दिवशी परत उठवणं जिकिरीचं. धरलं की चित्तेवान पळत जाऊन आधी काळविटाचा जीव सोडवायचे आणि लाकडी पळीत रक्त घेऊन चित्त्यापुढे धरायचे.

सगळ्यात वेगवान जनावरालासुद्धा आधी सरपटावं लागतं. पाहुणेसाहेबांनी गाडीत उभं राहून काय साधलं?

अस्मिता_सिंहगडरोड

'आधी काळविटाचा जीव सोडवायचे' हे वाचून थांबले. त्यांना तेवढी घाई होती तर.

चित्तेवानाचा_नातू

हो ताई. आजोबा म्हणायचे, उशीर झाला तर चित्तेवानाला बोलणी बसायची. त्या शिकारीचं कौतुक करत नाहीये मी. २०२२ मध्ये नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला आले तेव्हा आजोबा हवे होते असं मात्र वाटलं.

जोबर्गचा_पाहुणा

आता बैलगाडीवरून पण मलाच. ठीक आहे. तुम्ही सगळे संत आहात असं समजतो. कारूकर, तुम्ही एकदाही चुकला नाहीत का? ते लिहा, मग मी माझा आकडा लिहितो.

कारूकर

चुकलो. लिहितो.

माझं दुसरं वर्ष. सकाळचे अकरा, वारा सुटलेला, पाच तास सरपटून एकही बार टाकलेला नव्हता. नर २४० मीटरवर आडवा उभा. माझ्या मागे शेतकरी पडलेला, तो हळूच म्हणाला, नको, वारा. मी टाकला. गोळी मागे सरकली, पोटात. तो कमान करून वाकला आणि चालत निघाला. पळाला नाही, चालत. पोटात लागलेलं जनावर तसंच करतं.

आम्ही अर्धा तास जागचे हललो नाही, कारण लगेच मागे गेलं तर ते मैलोन्‌मैल जातं. मग माग काढला. रक्त जवळजवळ नाही, हिरवट चोथ्याचे दोन ठिपके, एका दगडावर. तिथून पुढे खुराच्या ठशांवर. दुपारी साडेचारला एका ओढ्याच्या कडेला झुडपात पडलेला दिसला. मान वर होती. साडेपाच तास तो तसा होता. मी ६० मीटरवरून दुसरी गोळी टाकली.

जवळ गेलो तेव्हा पाठीवरची कातड्याची घडी आपोआप उघडत होती. जिवंतपणी उडताना उघडतो तोच पंखा, शुभ्र, बोटभर लांब केसांचा. मेल्यावर काही मिनिटं तो उघडा राहतो. शेतकऱ्यानं टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि मला म्हणाला वास घे. मी नाक लावलं. मधाचा वास येतो. मग केस हळूहळू मिटतात आणि वासही जातो.

त्या दिवसापासून दहाचा नियम आहे. कोणी शिकवला नाही, त्या साडेपाच तासांनी शिकवला.

आता तुमचा आकडा.

विंडहुकची_वैदेही

मधाचा वास खरा आहे. मीही घेतलाय. त्या दिवशी मला बिल्टाँगसाठी (मसाला लावून वाळवलेल्या मांसासाठी) धने भाजताना हात चालेना. मांस वाया घालवायचं नाही म्हणून केलं.

जोबर्गचा_पाहुणा

बार अकरा. मिळालेले तीन. दोघांना लागलं असं परवानाधारक शिकारी म्हणाला. एकाचा पुढचा पाय गेला होता, तो कळपाबरोबर तीन पायांवर पळाला, कळप गेला आणि तो मागे राहिला. मी गाडी थांबवा म्हणालो. ते म्हणाले उजेड चाललाय, रात्री कोल्हे बघून घेतील. मी काही बोललो नाही. लेखात लिहिलं नाही कारण लिहिलं असतं तर तुम्ही हेच म्हणाला असतात, आणि म्हणालातच.

गाडीतून मारण्यात मजा आली होती हेही खोटं नाही. दोन्ही खरं आहे. तुमच्या भाषेत मला शिकवू नका एवढंच म्हणतो.

मूळ लेखात आकडा घालतो आज.

तीनशेआठ

अकरात तीन. मोठी बंदूक असती तर...

विंडहुकची_वैदेही

आता नको हो बंदुकीचं.

कारूकर

पाहुणेसाहेब, लिहिलंत, त्यापुढे माझं काही म्हणणं नाही. पुढच्या वेळी परवाना-शिकाऱ्याशी पैसे ठरवतानाच तीन गोष्टी बोलून घ्या. बार गाडीबाहेरून, तिकाटण्यावरून. पहिला बार सूर्य मावळायच्या दोन तास आधीपर्यंतच, म्हणजे माग काढायला उजेड उरतो. आणि लागलेलं जनावर सापडेपर्यंत दुसऱ्यावर बंदूक उचलायची नाही. रक्त दिसलं की ते जनावर तुमच्या नावावर धरतात, पैसेही द्यावे लागतात, त्यामुळे शोधायला नकार देणाऱ्याकडे जाऊच नका. असे लोक आहेत, आणि त्यांच्याकडे दिवस स्वस्त पडतो, हेही सांगून ठेवतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी कोल्सबर्गला आहे. यायचं असेल तर या. बंदूक एकच नेऊ, आळीपाळीनं.

नान्नजकर

माळराखीताई, आज पहाटे कळप आला होता. ठशांचे आणि लेंड्यांचे फोटो काढलेत, तारखेसकट, बावीस आहेत. तुमच्या मामांनी अर्जाला कसे जोडले ते जरा सांगा, मी एक वाजेपर्यंत तालुक्याच्या गावाला आहे.